शहाऐंशीचे बहुमत

मी, शेवटी सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, धंदा इतिहास शिकवणे (आता निवृत्त) आणि इतिहास लिहिणे (अजून चालू), राहणार चष्म्याच्या दुकानावरचा तिसरा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल तसे म्हणता येत नाही. डॉक्टरांनी जिना दिवसातून एकदाच चढायला सांगितले आहे आणि मी दोनदा चढते. हा कागद मी कोणाच्या धाकाने वा भिडेने लिहीत नाही. धाक आणि भीड दोन्ही घालून पाहण्यात आली, त्याचा उल्लेख जागच्या जागी येईल. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र, ज्यात मी सगळे कागद संशोधन संस्थेला दिले होते, ते रद्द समजावे.

वकीलसाहेबांनी मला दोन पानी नमुना दिला होता. "बाई, मृत्युपत्रात कारणं द्यायची नसतात. काय आणि कोणाला, एवढंच." मी म्हटले, "पुराव्याशिवाय वाक्य लिहायची सवय नाही मला." त्यांनी नमुना परत घेतला.

कलम १. या कागदात मी कोणाचेही नाव लिहिलेले नाही. ज्यांना काही द्यायचे आहे त्यांची नावे वकीलसाहेबांकडे मोहोरबंद पाकिटात आहेत. असे का, ते कलम सहामध्ये कळेल. ज्यांना घाई आहे त्यांनी थेट सहावर जावे. माझे विद्यार्थीही पुस्तके तशीच वाचत.

कलम २. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, एवढे माझ्या मालकीचे आहे. ते मी माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला देते. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहते, डॉक्टरांचे अक्षर वाचते आणि खोटे बोलत नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करायची आहे. बँकेत आहे ते तिचे. फार नाही, पण नळ बदलायला आणि भिंतीची ओल काढायला पुरेल. मोरीचा नळ डावीकडे फिरवला की बंद होतो, हे नव्या माणसाला सांगावे लागते.

माझे थोरले बंधू या घरात चाळीस वर्षांत दोनदा आले. पहिल्यांदा म्हणाले, "एकट्या बाईमाणसाला एवढी जागा कशाला?" दुसऱ्यांदा पावले टाकून गॅलरी मोजली. बंधूंना मी गॅलरीचे माप देते: साडेसात फूट बाय चार. मोजून ते लिहून न घेताच गेले होते.

कलम ३. पुस्तके. कॉलेजच्या ग्रंथालयाला एकही पुस्तक देऊ नये. माझ्या पुस्तकाच्या तिथे तीन प्रती होत्या. अभ्यासक्रमातून ते काढले त्या वर्षी तिन्ही "जीर्ण" ठरल्या. त्यातल्या दोन मी रद्दीवाल्याकडून परत आणल्या. पानांच्या जोडलेल्या कडा कापून उघडाव्या लागल्या, इतक्या त्या कोऱ्या होत्या. जीर्ण पुस्तक निदान कोणी वाचलेले तरी असते. माझी पुस्तके भाचीने हवी ती ठेवावीत, बाकीची दारात मांडून ज्याला हवी त्याला न्यायला सांगावे. जो आत येऊन आधी अनुक्रमणिका बघेल त्याला चहा द्यावा.

कलम ४. कार्डांचे कपाट. चोवीस खणांचे, सागवानी, एका बंद पडलेल्या दवाखान्यातून घेतलेले. अजून वरच्या खणांना आयोडिनचा वास येतो. त्यात माझ्या अभ्यासाची सुमारे नऊ हजार कार्डे आहेत. त्यांतली नावानिशी माणसांची कार्डे मी स्वतः काढून घेतली आहेत. राहिलेली कार्डे, कपाट, भिंग आणि टाइपरायटर मी माझ्याकडे शेवटची शिकलेली विद्यार्थिनी हिला देते. ती विणकर बायकांच्या वस्त्यांवर काम करते. टाइपरायटरचा रकार उडतो, तो हाताने भरावा. मुली, भेटीबरोबर एक अट आहे. तळटीप लिहिताना मी तुम्हाला एक प्रश्न विचारायला शिकवले: हे खरे आहे का? आता दुसराही विचारत जा: हे वाचून कोणाच्या दारावर कोण येईल? पहिला प्रश्न मला वयाच्या विशीत शिकवला गेला. दुसरा शिकायला सत्तरी उलटली.

कलम ५. माजी विभागप्रमुख यांच्याविषयी. ते हयात आहेत आणि फिरायला जातात असे समजते. माझा प्रबंध मी पहिल्यांदा त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा ते म्हणाले होते, "राष्ट्रउभारणी हा गंभीर विषय आहे. त्यात तुम्ही बायका कुठून आणल्यात?"

"खानेसुमारीतून, सर. तिथेच होत्या."

"बायकांचा इतिहास म्हणजे फार तर तळटीप," ते म्हणाले, आणि खोलीतले बाकीचे हसले. मीही हसले. ते हसू मी अजून स्वतःला माफ केलेले नाही. प्रमुखांना मी माझ्या टेबलावरची फ्रेम देते. तीत काय आहे ते पुढे येते. त्यांनी ती दिवाणखान्यात लावावी, म्हणजे तळटीप काय करू शकते ते त्यांना रोज दिसेल.

कलम ६. आता वही.

हे कलम लांब आहे. वकीलसाहेबांनी ते वेगळ्या कागदावर लिहा म्हणून सुचवले. वेगळे कागद गहाळ होतात, म्हणून इथेच लिहिते.

अठ्ठावन्न वर्षांपूर्वी, नदीच्या मधून देशाची हद्द जायची ठरली तेव्हा, आमचा जिल्हा कुठल्या बाजूला जाणार हे डोकी मोजून ठरायचे होते. मोजणी एका दिवसात. ज्या जमातीची माणसे जास्त, तिच्या देशात जिल्हा. नियम असा होता की ज्याला जमिनीवर घर आहे तोच मोजायचा, आणि जमात व मातृभाषा घरच्या कर्त्या पुरुषाला विचारायची. आईची भाषा बापाला विचारणारी ती मोजणी होती. माझे पुस्तक त्या एका ओळीतून सुरू झाले.

नदीवर त्या काळी होडीवाले राहत. त्यांची बोली वेगळी, जमात वेगळी, घर म्हणजे होडी. पुरुष मालवाहतुकीला खाली गेलेले होते आणि हद्द बंद झाल्यावर पलीकडेच अडकले. काठाला बांधलेल्या होड्यांत उरल्या होत्या बायका. नियमाप्रमाणे त्या कुठेच नव्हत्या. मोजल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी पोलीस त्यांना पलीकडे हाकलणार, हे सगळ्यांना माहीत होते.

त्या भागाची मोजणी एका मास्तरणीकडे होती. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिने पहाटे होड्यांवर जाऊन एका कच्च्या वहीत प्रत्येक बाईचे खरे लिहून घेतले: नाव, वय, होडीचा नंबर, जन्म कुठे, बरोबर कोण. एका बाईला एक पान, पाठपोट. मग ती काठावरच्या घरोघर गेली आणि विचारत सुटली, "तुमच्याकडे एक बाई लिहू का?" कुठे वहिनी म्हणून लिहिली, कुठे मोलकरीण, कुठे दुसरी बायको. पानाच्या खाली टीप: अमक्या घरात लिहिली. पाववाल्याच्या घरी तिने दुसरी बायको लिहू का म्हणून विचारले, तेव्हा पाववाल्याची बायको म्हणाली, "लिहा खुशाल. पण पीठ तिनं मळायचं!" संध्याकाळी पक्के तक्ते भरून गेले. अशा एकशे बारा बायका. तक्त्यात सगळ्या "आपल्या" जमातीच्या, "आपल्या" भाषेच्या.

जिल्हा आपल्या बाजूला आला. बहुमत होते शहाऐंशीचे. त्याच्या आठवणीसाठी चौकात उभारलेल्या खांबाखाली तो आकडा दगडात कोरलेला आहे. एकशे बारातून शहाऐंशी वजा करायला गणिताची मास्तरीण लागत नाही.

मास्तरीण मरण्याआधी दोन वर्षे मी तिच्याकडे जात होते. वही तिच्या पेटीत, स्वेटरांखाली होती. देताना ती एवढेच म्हणाली, "त्यांना विचारून काय ते कर."

मी बऱ्याच जणींना विचारले. त्या बोलल्या, कारण मी शब्द दिला होता की नाव कुठेही येणार नाही. आले नाही. एकतीस वर्षांपूर्वी निघालेल्या पुस्तकात मी त्यांना क, ख, ग अशी अक्षरे दिली. आणि पृष्ठ दोनशे बारावर, "क" या बाईविषयी लिहिताना, तळटीप त्रेचाळीसमध्ये पक्क्या तक्त्याचा पूर्ण संदर्भ दिला: दप्तरखाना, पेटी नऊ, बस्ता चार, घर क्रमांक एकसष्ट, म्हणजे पाववाल्याचे. इतर कोणाला पडताळून पाहायचे असेल तर पाहता यावे म्हणून. मला तसेच शिकवले होते आणि मी तसेच शिकवत होते. नाव झाकले आणि पत्ता छापला. दाराला कुलूप लावून किल्ली दारातच लटकवून जाणारी माणसे असतात, त्यांतली मी एक. त्या तळटिपेचा मला अभिमान होता. एका परदेशी परीक्षकाने तिचे खास कौतुक केले होते.

चार वर्षांपूर्वी नागरिकत्व पडताळणी समिती बसली आणि मला तिचे पत्र आले. कलम पाचमधल्या फ्रेममध्ये आहे ते हेच. पत्र असे: "आपल्या मौलिक ग्रंथातील तळटीप क्रमांक त्रेचाळीसमुळे एक बनावट नोंद उघडकीस आणण्यात समितीस साहाय्य झाले. समिती आपली आभारी आहे. आपणाकडे असलेली मूळ वही तपासणीसाठी सादर करावी." खाली शिक्का.

"क" ही बाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पन्नास वर्षे तिने एकाच गल्लीत कपड्यांना इस्त्री केली. आमच्या कॉलेजातल्या अर्ध्या प्राध्यापकांचे सदरे तिच्या हाताखालून गेले आहेत. तिचे म्हातारपणाचे सरकारी पेन्शन थांबले. नगरपालिकेच्या चाळीतली खोली रिकामी करण्याची नोटीस लागली. या महिन्याच्या एकोणीस तारखेला तिची शेवटची सुनावणी आहे. निकाल विरुद्ध गेला तर तिला नदीपलीकडे सोडणार. पलीकडे तिचे कोणीही नाही. पलीकडे ती कधी गेलेलीही नाही.

पत्र आले त्याच दिवशी मी तिच्याकडे गेले. ती इस्त्री करत होती, मान वर न करता म्हणाली, "बसा. मोकळ्या हातानं आलात, का अजून एक पुस्तक लिहायचंय?"

मी म्हटले, "चूक माझी आहे."

"ते मला माहीत आहे. चहा घेणार का ते सांगा."

हे मी लिहिते आहे ते सहानुभूती मिळवायला नव्हे. झालेली चूक कुठे, कोणत्या पानावर आणि कोणाकडून झाली हे नोंदवणे माझे काम आहे.

कलम ७. वही कोणाला मिळावी, याविषयी दोघांनी मला सल्ला दिला.

पहिला माझाच विद्यार्थी, आता संशोधन संस्थेचा संचालक. हुशार मुलगा होता. तारखा कधी चुकवत नसे. तो दोनदा आला, दुसऱ्यांदा फळे घेऊन.

"मॅडम, वही आमच्याकडे द्या. सुरक्षित राहील. वातानुकूलित खोली आहे."

"समितीनं मागितली तर?"

"तर मग... कायद्यानं द्यावी लागेल."

"मग सुरक्षित कोणापासून? वाळवीपासून?"

त्याने सफरचंदांची पिशवी माझ्याकडे सरकवली आणि हळूच म्हणाला, "मॅडम, दुसरा एक मार्ग आहे. लिहून द्या की वही कधी नव्हतीच. आठवणीत घोटाळा झाला म्हणा. पुस्तक आपोआप बाद होईल, मग समितीला पुढं जाता येणार नाही. तुमचं वय झालंय, लोक समजून घेतील."

"वय झालं की खोटं बोलायचा परवाना मिळतो का रे? आणि त्या एकशे बाराजणी? त्याही माझ्या आठवणीतला घोटाळाच का?"

फळे मी त्याच्याबरोबर परत पाठवली.

दुसरे समितीचे अधिकारी. ते फळे आणत नाहीत, तारखा आणतात. वही सादर न केल्यास कारवाई होईल, असे त्यांनी मला तीनदा लेखी कळवले आहे. तिन्ही पत्रांना मी पोच दिली आहे. मजकुराला उत्तर दिलेले नाही.

संचालकांना मी काही देत नाही. त्यांनी माझ्याकडून घ्यायचे ते विद्यार्थी असतानाच घ्यायला हवे होते.

कलम ८. वहीची वाटणी.

वही माझ्या मिळकतीत धरू नये. ती आता नाही. पाने आहेत.

तीस वर्षे मी विद्यार्थ्यांना सांगत आले की जुन्या कागदाला पेन्सिलसुद्धा लावायची नाही, बोट चाटून पान उलटायचे नाही. सव्वा वर्षापूर्वी जेवणाच्या टेबलावर, पोलादी पट्टी आणि नवे पाते घेऊन, मी ती वही शिवणीजवळून कापली. पहिल्या पानाला मी पट्टी तीनदा उचलून पुन्हा लावली. भाची म्हणाली, "मावशी, मी कापू का?" मी म्हटले, "नाही. हे माझ्या हातूनच व्हायला हवं." प्रत्येक बाईचे पान वेगळे होते, त्यामुळे एकीचे कापताना दुसरीचे एक अक्षरही गेले नाही. मास्तरणीने तसे मुद्दाम केले असेल, असे मला आता वाटते. याला पुरावा नाही.

इतिहासकार म्हणून हा गुन्हा आहे. मला तो कबूल आहे. ज्यांना माझ्यावर लेख लिहायचा आहे त्यांनी जरूर लिहावा. संदर्भ म्हणून हे कलम द्यावे.

मग आम्ही दोघी निघालो. भाचीने रजा साठवून ठेवल्या होत्या. बसने, चालत, एकदा दुधाच्या गाडीतून. जिथे बाई हयात होती तिथे तिला, नाही तर तिच्या मुलीला किंवा नातीला, तिचे पान तिच्या हातात दिले. एक्याण्णव जणींनी ठेवून घेतले. नऊ जणींनी माझ्या डोळ्यांदेखत फाडले किंवा चुलीत घातले. एकीच्या नातीने तर माझ्याकडूनच काडेपेटी मागितली. ती त्यांची मर्जी. दिलेल्या वस्तूचे काय करावे, हे देणाऱ्याने सांगायचे नसते. त्यांच्या वतीने मी आधी एकदा ठरवून बसले आहे.

बारा पाने राहिली. ती घरे सापडली नाहीत. ही पाने भाचीकडे राहतील आणि तिने शोध चालू ठेवावा. ती कोठे आहेत हे या कागदात लिहिलेले नाही. बारा नावे भाचीने पाढ्यासारखी पाठ केली आहेत. एक्याण्णव घरांची यादी मी कधी केलीच नाही. ज्यांना ती हवी असेल त्यांना माझे डोके उघडून बघावे लागेल आणि हे मृत्युपत्र लागू होईल तेव्हा त्यात बघण्यासारखे काही उरलेले नसेल.

कलम ९. घर क्रमांक एकसष्टचे पान.

इस्त्रीवाल्या बाईंचे पान मी सगळ्यांत शेवटी नेले. धीर होत नव्हता. कारण तिच्या बाबतीत पान दोन्हीकडून कापते. खालच्या टिपेवरून ती पाववाल्याची बायको नव्हती हे सिद्ध होते, म्हणजे समितीचे म्हणणे खरे. पण वरच्या मजकुरावरून ती मोजणीच्या दिवशी अलीकडच्या काठाला होती आणि तिचा जन्मही अलीकडच्याच घाटाला बांधलेल्या होडीत झाला हेही सिद्ध होते. खाली मास्तरणीची सही आहे आणि तारीख आहे. दाखवले तर बुडू शकते, तरू शकते. न दाखवले तर पाववाल्याची दुसरी बायको हेच सांगत राहायचे, आणि ते आता कोणी मानत नाही.

हे सगळे मी तिला सांगितले.

"मग मी काय करायचं?"

"तुम्ही ठरवा."

"आता मला ठरवायला सांगता? एकतीस वर्षांनी?"

"हो."

"बरं. उशिरा का होईना, आली अक्कल." तिने इस्त्री उभी करून ठेवली, हात पुसले आणि पान घेतले. तिला वाचता येत नव्हते असे मला इतकी वर्षे वाटत होते. तिने ते सावकाश, ओठ हलवत, दोन्ही बाजूंनी वाचले. हेही मी कधी विचारले नव्हते.

मग हसायला लागली. "बाई, तुम्हाला सांगते, ती पाववाल्याची बायको, मरेपर्यंत मला गल्लीतून हाक मारायची, 'काय गं सवती, झाली का इस्त्री?' सगळी गल्ली हसायची. माणूस चांगली होती. पीठ कधी मळायला लावलं नाही. पण मी कोणाची बायको नव्हते, हे मला अठ्ठावन्न वर्षं एकदा मोठ्यानं सांगायचं होतं. तारीख कोणती म्हणालात?"

"एकोणीस."

"पान मी नेणार. तुम्ही येणार का?"

"येणार."

"जिवंत राहा मग तोवर."

मी प्रयत्न करते आहे. पण डॉक्टरांचा चेहरा मी वाचू शकते, आयुष्यभर याहून वाईट अक्षर वाचले आहे. म्हणून कलम दहा.

कलम १०. एकोणीस तारखेआधी मी मरण पावले तर अंत्यविधी, भेटायला येणारी माणसे, बंधू, सगळे बाजूला ठेवून भाचीने सुनावणीला जावे आणि खालचा मजकूर उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचावा. ही माझी साक्ष आहे. एकोणीस तारखेला मी हजर असेन तर मीच वाचेन आणि हे कलम गळाले असे समजावे.

"समितीच्या सभासदांनो, मी ते पुस्तक लिहिले आणि ती तळटीप माझी आहे. तिच्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. आपण ती अर्धीच वाचलीत, एवढीच माझी तक्रार आहे.

"समोर उभी असलेली बाई पाववाल्याची बायको नव्हती. ती कोणाचीच बायको नव्हती. ती होडीवाली आहे, तिची भाषा वेगळी आहे, आणि मोजणीच्या दिवशी ती याच काठाला होती. तिच्या हातातल्या पानावर ते लिहिले आहे. त्या पानाचे अक्षर, शाई आणि सही मी तपासली आहे. या विषयात माझ्याहून अधिक कळणारा माणूस समितीला मिळाला तर त्याला बोलवावे.

"ही नोंद बनावट आहे म्हणून आपण ती रद्द करू पाहता. करावी. पण नियम एकीला लावला की तो तशाच एकशे बारा नोंदींना लागतो. त्या नोंदी कोणाच्या ते मी सांगणार नाही. किती ते पुस्तकात छापले आहे. बाहेर चौकात, खांबाखाली, शहाऐंशी हा आकडा कोरला आहे. त्या आकड्यावर हा जिल्हा या देशात आहे. ही कचेरी, ही खुर्ची आणि आपला हुद्दा त्याच आकड्यावर आहे. शहाऐंशीतून एकशे बारा वजा करून पाहावेत. उत्तर उणे सव्वीस येते.

"तेव्हा या बायका परक्या असतील, तर हा जिल्हाही परका आहे, आणि नदीपलीकडे जाण्याचे सामान आपण सगळ्यांनीच बांधायला हवे. जिल्हा आपला असेल, तर तो यांनी दिलेला आहे. देणारीला घराबाहेर काढून घर ठेवून घेता येत नाही. दोन्हींपैकी काय ते समितीने लेखी द्यावे. तोंडी उत्तर मी ग्राह्य धरत नाही."

वाचून झाल्यावर भाचीने खाली बसू नये. उत्तर मिळेपर्यंत उभे राहावे. तिला दिवसाचे नऊ तास उभे राहायची सवय आहे.

कलम ११. अंत्यविधी साधा करावा. भाषणे नकोत. "पोकळी निर्माण झाली" असे म्हणणाऱ्यास जिन्यातूनच परत पाठवावे. वृत्तपत्रात द्यायचे झाल्यास "ज्येष्ठ" हा शब्द वगळावा.

कलम १२. साक्षीदारांविषयी. मी दुसरी साक्षीदार म्हणून इस्त्रीवाल्या बाईंना बोलावले, तेव्हा वकीलसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, त्यांच्या नागरिकत्वावरच वाद चालू आहे. उद्या कोणी हरकत घेतली तर?" मी त्यांना कायद्याचे पुस्तक काढायला लावले. मृत्युपत्राच्या साक्षीदाराने सही होताना डोळ्यांनी पाहिलेले असावे लागते आणि त्याला त्या कागदातून काही मिळणार नसावे. नागरिकत्वाच्या दाखल्याचा शब्द तिथे नाही. त्यांना यातून काही मिळत नाही, त्यांचे पान त्यांच्याकडे आधीच आहे. तरीही खबरदारी म्हणून वकीलसाहेब तिसरी सही करत आहेत. हरकत घेणाऱ्याने खुशाल घ्यावी. मी हजर नसेन, पण कागद असेल.

हा मजकूर मी लिहिला, वाचला, दोन ठिकाणी खोडून दुरुस्त केला आणि खोडल्या जागी बारीक सही केली. यात जे लिहिले आहे ते मला मान्य आहे, आणि ज्यांना मान्य नाही ते कोण हे मला माहीत आहे.

स्थळ: माझे जेवणाचे टेबल
दिनांक: आठ, सोमवार, सकाळी साडेदहा

(सही)
मृत्युपत्र करणारी

आम्हा खालील साक्षीदारांच्या समोर बाईंनी सही केली आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समोर सह्या केल्या.

साक्षीदार १. (सही) धंदा: चष्मे. राहणार: तळमजला. वडिलांचे नाव पाकिटात दिले आहे. शेरा: बाईंचा नंबर गेल्या महिन्यात तपासला, बारीक अक्षर स्वच्छ दिसते.

साक्षीदार २. (सही, स्वतःच्या अक्षरात) धंदा: इस्त्री. वय: ७८. साक्षीदारांच्या सह्यांसाठी वकिलांनी आणलेल्या छापील कागदावरचा "पतीचे नाव" हा रकाना साक्षीदाराने स्वतः आडवी रेघ मारून खोडला. राहणार: इथेच.

साक्षीदार ३. (सही) वकील. दुसऱ्या साक्षीदाराने तो रकाना माझ्या समक्ष खोडला. माझी हरकत नाही.